परवाना म्हणजे मालकी नव्हे

महाराष्ट्रात दारू विकण्याचा परवाना कोणत्या कायद्याखाली मिळतो, हा प्रश्न मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या हॉटेलमालकाला विचारतो. बहुतेक जण 'एक्साइज ॲक्ट' असे ठोकून देतात. खरे उत्तर सांगितले की हसतात. त्या कायद्याचे नाव आहे 'महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९'. परवाना द्यायचा विक्रीचा आणि कायद्याचे नाव बंदीचे! ऐकायला गंमत वाटते खरी, पण या धंद्याचे सगळे मर्म त्या नावात आहे. ते ज्याला उमगले त्याला वकिलाकडे फारसे यावे लागत नाही. ज्याला उमगले नाही तो कर्ज काढून, फर्निचर करून, उद्घाटनाच्या पत्रिका छापून मग येतो. आणि तोवर आमच्या हातात करण्यासारखे फार थोडे उरलेले असते.

गेली वीसेक वर्षे मी राज्य उत्पादन शुल्क विभागापुढच्या प्रकरणांत वकिली करतो आहे. परमिट रूमचे मालक, बिअर शॉपी चालवणारे, मंगल कार्यालयांचे मालक माझ्याकडे येतात, तसे दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून धडपडणारे गावकरीही येतात. दारू प्यावी की पिऊ नये, हा आजचा विषय नाही. जो धंदा कायद्याने करता येतो तो करणाऱ्याला आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्यालाही कायदा काय म्हणतो ते ठाऊक असावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

बंदीच्या पोटातली सवलत

इंग्रजी अमलात आपल्याकडे १८७८चा मुंबई अबकारी कायदा होता. त्याचा मुख्य हेतू महसूल हा होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला आणि १९५० साली राज्यभर बंदी लागू झाली. मोरारजी देसाई तेव्हा राज्याचे गृहमंत्री होते. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदात, मादक पेयांच्या सेवनावर औषधी उपयोग सोडून बंदी आणण्याचा प्रयत्न सरकारने करावा, असे मार्गदर्शक तत्त्वच आहे. फ्राम बलसारा नावाच्या नागरिकाने या कायद्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली निकाल दिला. औषधे आणि प्रसाधने यांतल्या अल्कोहोलसंबंधीच्या काही तरतुदी रद्द झाल्या, पण कायद्याचा गाभा कायम राहिला.

१९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा दोघांच्याही वाट्याला हाच कायदा आला. आज गुजरातेत बंदी आहे आणि आपल्याकडे रस्तोरस्ती परमिट रूम आहेत. मूळ कायदा एकच! मग फरक कशाने पडला? तो पडला परवान्यांच्या दाराने. हा कायदा आधी दारू बनवणे, आणणे, नेणे, बाळगणे, विकणे, विकत घेणे आणि पिणे या साऱ्याला मनाई करतो. आणि मग म्हणतो, परवाना असेल तर त्या परवान्यात लिहिले असेल तेवढ्यापुरती मोकळीक. गुजरातने ते दार जवळजवळ लावून घेतले. महाराष्ट्राने साठच्या दशकापासून ते हळूहळू उघडले. पण आपल्याकडेही वर्धा जिल्ह्यात १९७५पासून आणि गडचिरोलीत १९९३पासून ते बंद आहे. चंद्रपुरात ते २०१५ साली लावले गेले आणि २०२१ साली पुन्हा उघडले. परमिट रूम हे नावसुद्धा यातूनच आले. पिणाऱ्यानेही परमिट बाळगून जिथे बसायचे, ती खोली.

आता कुणी म्हणेल, 'साहेब, घटनेने मला धंद्याचे स्वातंत्र्य दिले आहे. मग हे सरकार कोण अडवणारे?' किराणा मालाच्या किंवा कापडाच्या दुकानाला हे म्हणणे लागू पडते. दारूला नाही. खोडे डिस्टिलरीज या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली स्पष्टच सांगितले की, दारूचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कुणालाही नाही. मात्र त्याच निकालात दुसरेही एक वाक्य आहे आणि आम्हा वकिलांना त्याचाच मोठा आधार असतो. सरकारने हा व्यापार करू द्यायचे ठरवले, तर पात्र असलेल्या नागरिकांत त्याला भेदभाव करता येणार नाही. म्हणजे परवाना मिळणे हा हक्क नव्हे. पण अर्जाचा विचार नियमाने व्हावा, सर्वांना एकच माप लागावे आणि नकार दिला तर त्याची कारणे सांगावीत, हे मागण्याचा हक्क आहेच. या व्यवसायातली कायद्याची सारी मदत या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत उभी असते.

जागेची गाठ

परवाना तीन गोष्टींशी बांधलेला असतो: जागा, माणूस आणि मुदत. यांतली एकही सुटली की परवाना लटका पडतो.

आधी जागेचे पाहू. परवान्यांचे प्रकार पुष्कळ आहेत. सर्वसाधारण माणसाला दिसतात ते असे: वाइन शॉप म्हणजे एफएल-दोन, परमिट रूम म्हणजे एफएल-तीन, क्लबचा एफएल-चार, बिअर शॉपीचा एफएल-बीआर-दोन आणि देशी दारूच्या दुकानाचा सीएल-तीन. वाइन शॉप आणि देशी दारूची दुकाने यांचे नवे परवाने सरकारने सत्तरच्या दशकापासून दिलेले नाहीत. गावात 'नवे' वाइन शॉप निघाले असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा जुनाच परवाना दुसरीकडून तिथे आलेला असतो. म्हणून अशा परवान्यांचे मोल फार, आणि त्यात फसवणूकही फार. 'माझ्या ओळखीने नवे लायसन्स काढून देतो' असे कुणी म्हणाला, तर खिशावर हात ठेवावा.

परमिट रूमचा परवाना मात्र नव्याने मिळतो. अर्ज अधीक्षकांच्या कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. जागेचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, जागामालकाची संमती किंवा भाडेकरार, खाद्यपदार्थांचा परवाना, पोलिसांचा अहवाल अशी कागदांची चळत लागते. निरीक्षक जागेवर येऊन पाहणी करतात. या पाहणीत सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते अंतराच्या मोजणीत.

शाळा-महाविद्यालय किंवा धार्मिक स्थळापासून परमिट रूम किमान ७५ मीटर दूर हवी, असा नियम आहे. पण हे ७५ मीटर मोजायचे कसे? पुष्कळ जण नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषेत मोजतात. नियमात तसे नाही. परवान्याच्या जागेच्या दाराच्या मध्यापासून, पायी चालणारा माणूस ज्या जवळच्या वाटेने जाईल त्या वाटेने, संस्थेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजायचे. आवाराला भिंत नसेल तर इमारतीच्या दारापर्यंत. त्यामुळे सरळ रेषेत साठ मीटरवर असलेली शाळा वळसा घालून नव्वद मीटरवर जाऊ शकते. उलटेही घडते. शाळेने मागच्या बाजूला नवे फाटक पाडले, की कालपर्यंत दूर असलेली शाळा आज जवळ येते.

शिवाय शाळा कशाला म्हणायचे आणि धार्मिक स्थळ कशाला, याच्याही व्याख्या आहेत. मान्यताप्राप्त शाळा, संलग्न महाविद्यालय हे त्यात येते. खासगी शिकवणी वर्ग येत नाही. धार्मिक स्थळाच्या बाबतीत ते नोंदणी झालेल्या सार्वजनिक न्यासाचे आहे का, हे पाहिले जाते. कोपऱ्यावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाने अर्ज अडत नाही आणि गल्लीच्या आत लपलेल्या, पण धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या छोट्या मठाने अडतो. माझ्या एका पक्षकाराने गावाकडची जमीन विकून आणि पतसंस्थेचे कर्ज काढून हॉटेल बांधले. परवान्याचा अर्ज त्याने बांधकाम संपल्यावर केला. साठ पावलांवरच्या एका घरात मठ होता, पाटी नव्हती, पण नोंदणी होती. हॉटेल आज आहे, पण फक्त जेवणाचे. कर्ज मात्र परमिट रूमच्या हिशेबाने काढलेले! जागा घेण्याआधी धर्मादाय कार्यालयातल्या नोंदी पाहिल्या असत्या आणि एक फीत घेऊन चालला असता, तर अर्ध्या दिवसाचे काम होते.

जागा निर्दोष असली, तरी उद्या कायदा बदलू शकतो, हे २०१७ साली सगळ्यांनी पाहिले. महामार्गांवरचे अपघात लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी निकाल दिला, की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत १ एप्रिल २०१७पासून दारूविक्री नको. ३१ मार्च २०१७ रोजी त्यात दुरुस्ती झाली आणि वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांत हे अंतर २२० मीटर झाले. जुलै २०१७मध्ये नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीला हा आदेश लागू नाही असा खुलासा झाला, आणि २०१८ साली ग्रामपंचायत हद्दीतला कोणता भाग पुरेसा विकसित आहे, हे ठरवणे राज्यांवर सोपवले गेले. या मधल्या काळात धंदा बंद ठेवून बसलेल्या मालकांनी नुकसानभरपाई कुठे मागायची, असे मला विचारले. उत्तर कटू होते. कुठेच नाही. जी मोकळीक सरकारने दिली होती ती काढून घेतली गेली, तुमची मालमत्ता नव्हे. त्या वर्षी ज्यांची नोकरी गेली त्या वेटरांनी आणि आचाऱ्यांनी तर हा प्रश्नही विचारला नाही.

माणसाची गाठ

दुसरी गाठ माणसाची. परवाना ज्याच्या नावाने असतो त्यानेच धंदा करायचा असतो. भागीदार घ्यायचा, काढायचा, कंपनी करायची, तर आधी मंजुरी. काउंटरवर आणि टेबलावर मद्य देणाऱ्या नोकरांसाठी विभागाकडून 'नोकरनामा' घ्यावा लागतो. हा साधा कागद, पण तपासणीत पहिला मागितला जातो तो हाच. गावाकडून आलेला भाचा दोन दिवस गल्ल्यावर बसला आणि नेमका त्याच दिवशी निरीक्षक आले, अशी प्रकरणे मी पाहिली आहेत.

आणि इथे कायद्याचे एक कलम ध्यानात ठेवायला हवे. ५४व्या कलमाखाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. शुल्क थकले, परवाना परवानगीवाचून दुसऱ्याला चालवायला दिला, किंवा परवान्याच्या अटींचा भंग झाला, ही त्याची कारणे. तो भंग मालकानेच केलेला असावा लागतो असे नाही. नोकराने केला तरी तो मालकाच्या खात्यावर पडतो. 'मी गावाला गेलो होतो' हा बचाव होत नाही.

हे किती गंभीर आहे, ते पुण्याने मे २०२४मध्ये पाहिले. कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. ज्या ठिकाणी त्याला मद्य दिल्याचा आरोप होता, तिथल्या चालकांना आणि व्यवस्थापकांना अटक झाली. आपल्याकडे दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आणि सौम्य बिअरसाठी २१ वर्षांची आहे. वय विचारले तर गिऱ्हाईक रागावते, हे खरे. पण न विचारल्याची किंमत कुणाच्या तरी लेकराने मोजली, तर ती पुन्हा भरून येत नाही. म्हणून माझ्या पक्षकारांना मी सांगतो, की ओळखपत्र पाहण्याचा नियम मालकाने लेखी करावा, प्रत्येक नोकराला वाचून दाखवून त्याची सही घ्यावी, आणि नाही म्हटल्यामुळे गिऱ्हाईक गेले तरी त्या पोराला बोलू नये.

परवाना दुसऱ्याला चालवायला देण्याचा विषयही नीट समजून घ्यायला हवा. वर्षानुवर्षे आपल्याकडे नाव एकाचे, गल्ला दुसऱ्याचा आणि मध्ये साध्या कागदावरचा मुखत्यारनामा, असा प्रकार चालत आला. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने वाइन शॉप आणि परमिट रूम कराराने दुसऱ्याला चालवायला देण्यास मोकळीक देण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी वार्षिक शुल्काच्या अनुक्रमे १५ आणि १० टक्के जादा रक्कम ठरवण्यात आली. याचा अर्थ असा, की जे काम चोरून होत होते त्याला राजरस्ता झाला. पण राजरस्त्याने जायचे तर करार विभागाला दाखवायला हवा. घरातल्या कपाटातला करार कपाटातच राहिला, तर तो पूर्वीसारखाच बेकायदा.

सर्वांत जास्त हाल होतात ते परवानाधारक वारल्यावर. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचे यजमान जानेवारीत गेले. दुःखात कुणाला कागद सुचतात? बार सुरूच राहिला. मार्चमध्ये नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा कामाला असलेल्या एजंटाने 'ताई, तुम्ही काळजी करू नका' म्हणून अर्ज भरून टाकला, आणि त्यावर सही केली मयताची! मे महिन्यात हे उघडकीला आले. बाईंना त्यातले काहीच ठाऊक नव्हते. आम्ही अधीक्षकांपुढे घडले ते लेखी सांगितले, मृत्यूचा दाखला, वारसांची संमतीपत्रे, प्रतिज्ञापत्रे दिली आणि वारस म्हणून नाव लावण्याचा रीतसर अर्ज केला. काम झाले. पण मधले काही महिने बार बंद, दोन मुलींची शिक्षणे आणि आठ नोकरांचे पगार अंगावर. मृत्यूनंतर पहिल्याच पंधरवड्यात एक साधे पत्र आणि वारसाचा अर्ज गेला असता, तर हे टळले असते. परवाना शेतजमिनीसारखा आपोआप मुलांच्या नावावर चढत नाही, हे घरातल्या बायकामुलांना आधीच सांगून ठेवावे.

मुदतीची आणि बाटलीची गाठ

तिसरी गाठ मुदतीची. परवान्याचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. शुल्क भरले म्हणजे नूतनीकरण झाले असे समजू नये. हातात आदेश हवा. 'ड्राय डे' हाही मुदतीचाच भाग आहे. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे दिवस सगळ्यांना पाठ असतात. निवडणुकीचे असत नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५-सी कलमाप्रमाणे मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास विक्री बंद ठेवावी लागते. याशिवाय सण, मिरवणूक, तणाव अशा वेळी जिल्हाधिकारी कलम १४२ खाली दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढू शकतात. तो आदेश वर्तमानपत्रात वाचला नाही, ही सबब चालत नाही.

परवान्याखाली विकली जाणारी प्रत्येक बाटलीही कागदाने बांधलेली असते. ती कुठून आली, कोणत्या वाहतूक पासावर आली, नोंदवहीत कधी चढली, कधी विकली, हे सारे जुळले पाहिजे. हा सरकारी जाच वाटतो. पण जून २०१५मध्ये मुंबईत मालाड-मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉलमुळे. बाटलीचा माग ठेवायचा तो यासाठीही. लग्नसराईत मंगल कार्यालये आणि लॉनचे मालक एक धोका पत्करतात, तोही सांगतो. ज्या हॉलला परवाना नाही तिथे पार्टीसाठी एक दिवसाचा परवाना काढता येतो. तो न काढता गोव्याहून स्वस्तात खोकी आणली जातात. 'फक्त गोवा राज्यात विक्रीसाठी' असे बाटलीवरच छापलेले असते. सीमा ओलांडून ती इकडे आणणे हा गुन्हा आहे. गाडी जप्त होते आणि 'पाहुण्यांनी आणली' म्हणून हॉलमालकाची सुटका होतेच असे नाही.

परमिट रूमच्या हिशेबनीसाने आणखी एक लक्षात ठेवावे. माणसाच्या पिण्याची दारू घटनेनेच जीएसटीबाहेर ठेवली आहे. म्हणून एकाच टेबलाच्या बिलात जेवणावर जीएसटी आणि मद्यावर राज्याचा व्हॅट असे दोन हिशेब चालतात. दोन्ही एकात मिसळले, की एका खात्याच्या नोटिशीमागून दुसऱ्याची येते.

नोटीस आली तर

समजा, एवढे करूनही 'कारणे दाखवा' नोटीस आली. तेव्हा पहिले काम म्हणजे घाबरून कुणाच्या तरी मागे न धावणे. दुसरे काम, नोटिशीवरची आणि ती हातात पडल्याची तारीख लिहून ठेवणे. तिसरे, पंचनाम्याची, तपासणी अहवालाची प्रत मागणे. न दिल्यास माहितीच्या अधिकारात मागता येते. उत्तर लेखीच द्यावे, मुदतीत द्यावे, मुद्द्याला मुद्दा द्यावा. चूक झाली असेल तर ती मान्य करून सुधारणा काय केली ते लिहावे. गच्चीवर मंजूर नकाशाबाहेर टेबले लावली होती, तर 'लावलीच नव्हती' असे म्हणण्यापेक्षा ती काढल्याचे छायाचित्र जोडलेले बरे. प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी मागावी. आदेश विरोधात गेला, तर कायद्याच्या १३७व्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर आयुक्तांकडे आणि आयुक्तांच्या आदेशावर राज्य सरकारकडे अपील आहे. सुनावणीच झाली नाही किंवा कारणेच दिली नाहीत, तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे. काही कसुरींत दंड भरून तडजोड करता येते. ती सोयीची असते, पण फुकटची नसते. पुढच्या वेळी तीच नोंद समोर ठेवली जाते.

आता लोक ज्या गोष्टीबद्दल दबक्या आवाजात विचारतात, तिच्याकडे वळतो. 'वकीलसाहेब, कागद राहू द्या. कुणाला किती द्यायचे ते सांगा.' त्यांना मी एवढेच सांगतो की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली बदल झाला आणि लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा झाला. कुणी भाग पाडले म्हणून द्यावी लागली, तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच देणाऱ्याला संरक्षण आहे. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीने पाहा. पैसे देऊन सदोष जागेवर मिळवलेला परवाना सदोषच राहतो. पुढचा अधिकारी येतो, शेजारी तक्रार करतो, आणि दिलेल्या पैशांची पावती कुणाकडेच नसते.

एजंट आणि वकील यांतला फरकही इथेच दिसतो. अर्ज ऑनलाइन भरणे, चलन भरणे, कागद पोचवणे ही कामे एजंट चांगली करतात. त्यात वावगे काही नाही. पण तो कोऱ्या कागदावर सह्या मागू लागला, की थांबावे. वकिलाला फी द्यायची ती मुख्यतः 'ही जागा घेऊ नका' हे वेळेवर सांगण्यासाठी. आमच्या धंद्यातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी मागितला जाणारा सल्ला आहे.

शेजाऱ्यांचा हक्क

शेवटी, टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांविषयी. गावातले किंवा प्रभागातले दुकान नको असेल, तर नागरिकांनाही कायद्याने हत्यार दिले आहे. २००८च्या आदेशानुसार २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी सह्यांचे निवेदन दिले, की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मते पडली की दुकान बंद. इथे एक बारकावा आहे आणि तो पुष्कळ गावांना नडतो. निम्मी मते मोजायची ती यादीतल्या मतदारांच्या, मतदानाला आलेल्यांच्या नव्हे. म्हणून मोर्चाला हजार बायका आल्या, तरी मतदानाच्या दिवशी शेतावर गेलेल्या बायका परत आणणे जास्त महत्त्वाचे. सह्या घेताना नाव मतदारयादीप्रमाणेच लिहावे. माहेरचे नाव, सासरचे नाव यांच्या घोळात शेकडो सह्या बाद होतात. गृहनिर्माण संस्थांच्या इमारतीतल्या गाळ्यात नवी बिअर शॉपी किंवा दारूचे दुकान यायचे असेल, तर संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र बंधनकारक करण्याची घोषणाही सरकारने मार्च २०२५मध्ये विधानसभेत केली.

दुकानदाराला हे अन्यायाचे वाटते. 'मी सगळे नियम पाळले, शुल्क भरले, आणि गावाने एका दिवसात बाटली आडवी केली!' त्याची व्यथा खरी आहे. पण आपण ज्या मुद्द्यापासून निघालो, तिथेच याचे उत्तर आहे. जो परवाना समाजाने बंदीतून सूट म्हणून दिला, ती सूट परत मागण्याचा मार्गही समाजाने आपल्या हाती ठेवला आहे. त्यामुळे शहाणा परवानाधारक शेजाऱ्यांशी भांडत नाही. रात्री वेळेवर शटर ओढतो, दारापुढे गाड्यांची दाटी होऊ देत नाही, धिंगाणा घालणाऱ्याला बाहेर काढतो. यांतल्या काही गोष्टी परवान्याच्या अटीत असतात, काही नसतात. पण परवाना टिकतो तो दोन्हींवर.

तेव्हा या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा: आधी अंतर मोजा, मग जागेची कागदपत्रे तपासा, मग अर्ज करा, मंजुरी हातात येऊ द्या आणि त्यानंतर सुताराला बोलवा. जे धंद्यात आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर परवान्याची मूळ प्रत काढून तिच्या मागे छापलेल्या अटी एकदा सावकाश वाचाव्यात. पुष्कळ परवाने काचेत लावलेले असतात, त्यामुळे मागची बाजू वर्षानुवर्षे कुणी पाहिलेलीच नसते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)